पाटी राहिली, पेढी गेली!

आपल्या समाजात अलीकडे एक नवे व्यसन फार बोकाळले आहे. ते मद्याचे नव्हे, द्यूताचेही नव्हे; ते आठवणींचे व्यसन आहे. उत्सवाची पंगत उठली, पालखी देवळात परतली आणि चार वडीलधारी मंडळी ओवरीत टेकली की बेळगावच्या जुन्या बाजाराचा विषय निघालाच म्हणून समजावे. अमक्या कोपऱ्यावर नारळ-सुपारीचे दुकान होते, तमक्या खुटावर खानावळ होती, शहापुरात पहाटेपासून हातमागांची खटखट ऐकू येई, निपाणीच्या वेशीपाशी तंबाखूच्या वासानेच गाव आल्याचे कळे. एक जण नाव विसरतो, दुसरा ते पुरवतो, तिसरा ‘गेले ते दिवस!’ म्हणून उसासा टाकतो आणि मंडळी मोठ्या समाधानाने आपापल्या घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी माळ्यावरच्या जुन्या चोपड्या रद्दीवाल्याच्या तराजूत चढतात. त्यासाठी मात्र कोणी उसासा टाकल्याचे ऐकिवात नाही.

या विसंगतीवर बोट ठेवावे एवढ्यासाठीच हा लेख आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: गेलेल्यासाठी हळहळणे आणि जात असलेल्याकडे पाठ फिरवणे ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. हळहळीला काही खर्च येत नाही. जतन करायचे तर वेळ द्यावा लागतो, जागा द्यावी लागते, प्रसंगी पदरचे चार पैसे मोडावे लागतात. म्हणून आपण हळहळ पत्करली आहे आणि तिलाच नगरप्रेम असे गोंडस नाव देऊन ठेवले आहे.

हे विधान कठोर वाटेल. तथापि बेळगावातील एका प्रसिद्ध रस्त्याचा दाखला घेतला म्हणजे त्याची सत्यता पटण्यास अडचण पडू नये. बेळगावच्या बाजारपेठेत किर्लोस्कर रोड आहे. लहानथोर सर्वांना तो ठाऊक आहे. सणासुदीस तेथे पाय ठेवण्यास जागा मिळत नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच नगरात सायकलींचे दुकान थाटले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविण्यास आरंभ केला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपले वय १८८८ पासून मोजतो, ते या बेळगावातील आरंभापासूनच. ज्या काळी लोखंडी फाळाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्या काळी या गृहस्थांनी नांगर घडवून गिऱ्हाइकाची वाट पाहिली. पुढे नगराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. बेळगावने त्यांना जागा दिली नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिली. कुंडल रोड स्थानकानजीकच्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या एका स्थलांतराने किती कारागिरांची घरे हलली, किती मुलांचे शिक्षण आणि किती हातांचे कौशल्य घाटमाथ्यावरून कृष्णाकाठी गेले, याचा हिशेब बेळगावने कधी मांडला काय? बेळगावच्या वाट्याला रस्त्याचे नाव आले. पाटी राहिली, पेढी गेली!

हा दाखला आम्ही मुद्दाम प्रथम घेतला. कारण बेळगाव-निपाणीच्या ऱ्हासाची गोष्ट निघाली की ‘हे सारे सीमाप्रश्नामुळे झाले’ असे एक तयार उत्तर आपल्याकडे असते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मुंबई राज्यातून काढून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आला आणि तो वाद मिटवू शकला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या प्रकरणी सीमाभागातील मराठी माणसाचे दुःख खरे आहे आणि त्याचा न्याय्य निकाल लागावा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु किर्लोस्कर गेले ते १९१० साली. त्या वेळी म्हैसूरचे राज्य येथे नव्हते, कर्नाटकाचे नाव राज्याच्या नकाशावर नव्हते आणि पाटीवरील लिपीचा तंटाही नव्हता. नगराने आपली सर्वांत मोठी पेढी राज्यपुनर्रचनेच्या ४६ वर्षे आधीच गमावली होती. एक खरे दुःख दुसऱ्या बेपर्वाईचे पांघरूण म्हणून वापरू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

आता दुसरा आक्षेप पाहू. कोणी म्हणेल, बदल हा सृष्टीचा नियम आहे. बाजार बदलणारच, दुकाने मोडणारच. त्यासाठी एवढा आकांत कशाला? हा आक्षेप आम्हांस अर्धा मान्य आहे. बेळगावचा इतिहासच तशी साक्ष देतो. आगगाडी येण्यापूर्वी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. घाटावरचा माल आंबोलीमार्गे बैलगाड्यांतून वेंगुर्ल्यास उतरे आणि खालून मीठ, नारळ, सुपारी वर चढे. १८८७ साली बेळगावला रेल्वे आली, पुढे लोंढ्यावरून मुरगाव बंदराची वाट खुली झाली आणि वेंगुर्ल्याच्या गाडीवाटेचे महत्त्व ओसरत गेले. त्या बदलात गाडीवानांचा धंदा बुडाला, तसा इतर अनेकांचा चालीस लागला. नगरातील कित्येक चित्रपटगृहांच्या जागी आज व्यापारी संकुले उभी आहेत; तेथेही लोकांच्या आवडीपुढे कोणाचा इलाज चालत नाही. शहापुरातील हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तीही विणकराने पोटासाठीच घेतली. हे बदल अडवावेत असे कोण शहाणा म्हणेल?

आमचा आक्षेप बदलावर नाही. नोंदीवाचून झालेल्या बदलावर आहे. माणूस मरतो म्हणून आपण शोक करतो, पण त्याचे नाव-गोत्र लिहून ठेवण्याचे विसरत नाही. श्राद्धाच्या दिवशी तीन पिढ्यांची नावे उच्चारल्यावाचून आपला पिंड पडत नाही. मग ज्या पेढीने चार पिढ्या पोसल्या तिचे नाव उच्चारण्यास एक कागदही शिल्लक नसावा, हा कोणता धर्म? पेढी मोडते तेव्हा केवळ चार भिंती आणि एक गल्ला मोडत नाही. उधारी कोणाला किती दिवस द्यायची याचा संकेत मोडतो. शेर-पायलीची मापे, मालाच्या जातींची नावे, घाटाखालच्या कोणत्या गावाची सुपारी कोणत्या महिन्यात घ्यावी याचे ज्ञान, गुमास्त्याने हिशेब शिकण्याची रीत, हे सारे तिच्याबरोबर जाते. कोंकणीत दुकानाला ‘पसरो’ म्हणतात. पसरलेला माल तेवढा डोळ्यांना दिसतो. त्यामागे पसरलेले माणसांचे नाते दिसत नाही, आणि पसारा आवरला गेला की ते नाते होते हेही कोणाला आठवत नाही.

बेळगावच्या गल्ल्यांची नावे या दृष्टीने वाचून पाहावीत. रविवार पेठ, शनिवार खूट, मंगळवार पेठ ही वारांची नावे. खडे बाजार, भेंडी बाजार ही बाजारांची. कामत गल्ली आणि नार्वेकर गल्ली यांतील आडनावे घाटाखालची. बोगारवेशीच्या नावातील ‘बोगार’ हा कन्नड शब्द तांब्यापितळेची भांडी विकणाऱ्याचा. टेंगिनकेरा गल्ली हे नाव ऐकून पुष्कळ मराठी मुलांना काहीच बोध होत नाही, परंतु कन्नडमध्ये ‘तेंगु’ म्हणजे नारळ आणि ‘केरी’ म्हणजे आळी, हे सांगितले की नारळाची आळी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. मराठी घरे, कन्नड शब्द, कोंकणी आडनावे आणि उर्दू वळणाचे बाजार एका मैलाच्या आत गुण्यागोविंदाने नांदल्याची ही साक्ष आहे. या नगराची जडणघडण कशी झाली हे समजण्यास यापरते दुसरे साधन नाही. आणि त्या शब्दांचा अर्थ आपल्या मुलांना सांगणारा एकही फलक त्या गल्ल्यांच्या तोंडाशी नाही.

फलक म्हणताच आम्हांस आपल्या नगरातील खऱ्या वादाकडे वळणे भाग आहे. आज बेळगावात पाटीइतका ज्वलंत विषय दुसरा नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी नगराचे नाव शासनदरबारी ‘बेळगावी’ झाले. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्त कायद्याने दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडसाठी राखला आहे. महाराष्ट्रातही २०२२ च्या दुरुस्तीने पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपीतील अक्षरांहून लहान असू नये असा दंडक घातला आहे. आपल्या भाषेची अक्षरे आपल्या दारावर दिसावीत ही इच्छा मुळीच क्षुद्र नव्हे, आणि ज्या भागात मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे तेथे मराठी पाटीला मज्जाव होऊ नये हे आमचे मत स्पष्ट आहे. परंतु एक प्रश्न दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना विचारल्यावाचून आमच्याने राहवत नाही. पाटीवर कोणती लिपी असावी यासाठी आपण मोर्चे काढले, बंद पुकारले, दगड झेलले. त्या पाटीखालचे दुकान कोणाचे आहे, ते किती वर्षांचे आहे, पुढच्या वर्षी ते राहील काय, हे आपणांपैकी किती जणांनी विचारले?

पाहा, गंमत कशी आहे! ज्या जागी पूर्वी तीन पिढ्यांचे कापडदुकान होते, तेथे आज मुंबई-बंगळूरच्या किंवा सातासमुद्रापलीकडच्या कंपनीची शाखा उघडते. तिची पाटी कन्नडमध्ये रंगवली तर एक पक्ष विजय मानतो, मराठीत रंगवली तर दुसरा मानतो. आणि कंपनी दोन्ही पक्षांना तितक्याच अदबीने माल विकते, कारण तिला दोन्ही लिपींचा खर्च सारखाच. मराठी सावकार, कन्नड अडत्या, कोंकणी किराणावाला आणि मुसलमान अत्तरवाला हे चौघेही आपापली दुकाने आवरून गेल्यावर त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या पाटीच्या भाषेसाठी त्यांच्या नातवंडांनी एकमेकांची डोकी फोडावी, याला अभिमान म्हणावे की आंधळेपणा, हे वाचकांनीच ठरवावे.

बेळगावी कुंद्याचेच उदाहरण घ्या. ज्या मिठाईवर हे नगर आज आपले नाव मिरवते, ती राजस्थानातून येथे आलेल्या मिठाईवाल्या कुटुंबांच्या कढईतून आली. तिला मराठी म्हणावे की कन्नड? बेळगावी मांडे कोणाचे? शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि बेळगाव इंग्रजी मुलखात; एका बाजूने दुसऱ्या बाजूस जाताना माणूस राज्य ओलांडी. तरी शहापुरी लुगडे बेळगावच्या, धारवाडच्या आणि गोव्याच्या सासुरवाशिणींनी सारख्याच हौसेने नेसले. ज्यांनी हे नगर घडविले ते लोक राज्यांच्या सीमा ओलांडून व्यापार करीत होते. त्यांची नावे पुसली जात असता सीमेच्या नावाने जयजयकार करणे हा त्यांचा गौरव नव्हे.

निपाणीकडे वळू या. तेथील आठवणींची तऱ्हा निराळी आहे, आणि तिच्यातला खोटेपणाही निराळा आहे. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. वखारी, अडतीची दुकाने, विडीचे कारखाने, तालुक्या-तालुक्यांतून येणाऱ्या गाड्या, व्यापाऱ्यांचे वाडे, त्यांच्या दानातून उभी राहिलेली विद्यालये, या वैभवाच्या कथा निपाणीकर रंगून सांगतात. त्यात तथ्यही आहे. तंबाखूच्या व्यापारातील देवचंद शहा यांच्या नावाचे महाविद्यालय निपाणीला लागूनच अर्जुननगरला आहे. निपाणीची मुले चार पावले चालून तेथे शिकण्यास जातात आणि तेवढ्यात कर्नाटकातून महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात पोहोचतात. शिक्षणाने सीमा कशी पार करावी याचे एवढे सुंदर उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

परंतु या कथांत वखारीच्या दारातला व्यापारी असतो. आतली बाई नसते. तंबाखू कुटताना आणि चाळताना उडणाऱ्या धुरळ्यात दिवसभर बसणारी, तोंडाला पदर बांधून खोकत काम करणारी, रात्री घरी टेंभुर्णीच्या पानात तंबाखू वळून विड्यांचा आकडा पुरा करणारी बाई कोणाच्याच आठवणीत येत नाही. विडी-कामगारांच्या सेवाशर्तींसाठी केंद्राचा कायदा १९६६ साली झाला. तो हातात पडण्यासाठी निपाणीच्या बायांना पुढे वर्षानुवर्षे संघटित होऊन झगडावे लागले. पिकवणाऱ्याची कथाही तीच. १९८१ च्या मार्च महिन्यात तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीपाशी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. सुमारे तीन आठवडे तो रस्ता रोखून धरला. आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी पडले. ज्या व्यापाराच्या भरभराटीच्या आठवणी आपण काढतो, त्याच व्यापाराच्या पोटात ही गोष्टही आहे. एक आठवायची आणि दुसरी विसरायची, हे स्मरण नव्हे. ही स्तुतिपाठकी झाली. तंबाखूने माणसाचे किती नुकसान केले हे आज वैद्यकास ठाऊक आहे; म्हणून त्या व्यापाराची पुन्हा भरभराट व्हावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या धंद्यावर एक अख्खे गाव उभे राहिले, त्याचा खरा जमाखर्च, नफा आणि तोटा या दोन्ही बाजूंनी, मांडून ठेवलाच पाहिजे.

हे काम निपाणीत कोणी केले? महादेव मोरे यांनी केले. पिठाची गिरणी चालवता चालवता या लेखकाने गॅरेजमधील पोरे, मोटारींचे चालक, तंबाखूच्या वखारीतील कष्टकरी यांचे जग कथा-कादंबऱ्यांतून लिहून ठेवले. २०२४ साली ते निवर्तले. बेळगावच्या बाबतीत हेच काम प्रकाश नारायण संत यांच्या कथांनी केले. ज्यांचे बालपण निपाणीजवळच्या तवंदीशी आणि ज्यांचे उत्तरायुष्य बेळगावशी जोडलेले होते त्या इंदिरा संतांचे हे चिरंजीव. या परिसरातील गल्ल्या, शाळा आणि कन्नड-मराठीची सरमिसळ त्यांनी एका लहान मुलाच्या नजरेतून जिवंत ठेवली. लेखकांनी आपले कर्तव्य केले. मग संस्थांनी आपले केले काय? एका गिरणीवाल्याने एकट्याने जे केले ते लाखो रुपयांची उलाढाल असलेल्या आपल्या मंडळांना, पतपेढ्यांना आणि देवस्थान समित्यांना करता येऊ नये काय?

देवस्थानांचे नाव आम्ही चुकून घेतले नाही. या लेखाचा खरा रोख तिकडेच आहे, कारण हे पत्र वाचणारा वर्ग बहुतांशी देवळाभोवती जमलेला आहे आणि घरच्या माणसालाच चार शब्द अधिकाराने सुनावता येतात. बाजार आणि देऊळ यांचे नाते आपल्याकडे आजकालचे नाही. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती नावाचे जिनालय आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या राज्यात बीचिराज नामक मंत्र्याने इ. स. १२०४ मध्ये येथे जिनालय उभारले. त्यासंबंधीचे हळे कन्नड भाषेतील दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत काय आहे? राजाची प्रशस्ती आहे, तशीच बाजाराची नोंदही आहे. वेणुग्रामातील व्यापाऱ्यांनी, आणि लाट देशातून व मलयाळातून येथे व्यापारास आलेल्या परदेशस्थांनीसुद्धा, आपल्या मालावर देवासाठी ठराविक पट्टी बसवून घेतली. आठशे वर्षांपूर्वी या गावात कोण कोण दुकान मांडून बसले होते हे आपणांस आज कळते ते देवळाने ते दगडावर कोरून ठेवले म्हणून! राजे गेले, किल्ला अनेक हातांतून गेला, शिळा समुद्रापार गेल्या. तरी नोंद टिकली.

आता आजच्या देवळाच्या भिंतीकडे पाहा. तेथेही शिळा आहेत, गुळगुळीत ग्रॅनाइटच्या. त्यांवर फरशीसाठी कोणी किती दिले, पंख्यासाठी कोणी किती दिले याच्या याद्या आहेत. परंतु जीर्णोद्धाराच्या नावाखाली जी लाकडी कोरीव खांबांची ओवरी पाडली, ती कोणत्या सुतारांनी घडवली होती, याची नोंद नाही. जी धर्मशाळा पाडून मंगल कार्यालय बांधले, तेथे घाटाखालून आलेले कोणते व्यापारी उतरत, याची नोंद नाही. देवळाच्या गाळ्यांत पन्नास वर्षे फुले, उदबत्ती, कासाराची भांडी विकणारा भाडेकरू वाढीव भाडे परवडेना म्हणून निघून गेला, त्याचे नावही नोंदवहीत सापडत नाही. अनेक देवस्थाने ही आपापल्या पेठेतील मोठी जमीनमालक आहेत. कोणते दुकान राहावे आणि कोणते जावे, याचा निर्णय पुष्कळ वेळा महापालिकेच्या किंवा मंत्रालयाच्या दारी न होता विश्वस्तांच्या बैठकीत होतो. त्या बैठकीत हात वर करणारे सद्गृहस्थच संध्याकाळी ओवरीत बसून जुन्या बाजारासाठी उसासे टाकतात, ही गोष्ट आम्हांस असह्य वाटते.

इच्छा असली म्हणजे स्थान राखता येते, याची उदाहरणे याच नगरात आहेत. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी खोदलेली विहीर आज ‘काँग्रेस विहीर’ म्हणून जपलेली आहे, आणि २०२४ साली त्या अधिवेशनाची शताब्दी साजरी झाली. १९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापना याच नगरात केली, तेही बेळगावकर विसरलेले नाहीत. हे उचितच झाले. परंतु ज्या विहिरीचे पाणी चार दिवस प्रतिनिधींनी प्यायले ती राखण्यायोग्य, आणि ज्या पेठेने शंभर वर्षे नगराला जेवू घातले ती मात्र विसरण्यायोग्य, असा न्याय कोणत्या शास्त्रात आहे? पुढाऱ्यांच्या पायधुळीने जागा पवित्र होते, तशीच कष्टकऱ्याच्या घामानेही होते.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. आमच्या मागण्या चार आहेत आणि त्यांपैकी एकीलाही शासनाची परवानगी लागत नाही.

पहिली मागणी अशी की, पन्नास वर्षांहून जुनी कोणतीही वास्तू देवस्थानाने पाडण्यापूर्वी तिची मोजमापे, छायाचित्रे आणि तेथे चाललेल्या धंद्यांची व माणसांची हकीकत लिहून काढावी. जो ठेकेदार इमारत पाडतो त्याला पैसे देता येतात. मग जो तरुण तिची नोंद करील त्याला महिनाभराचे मानधन देणे जड का व्हावे?

दुसरी मागणी वह्यांची. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालत आले आहे. देशातील जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. अशा संस्थेत किंवा एखाद्या महाविद्यालयात पेढ्यांच्या चोपड्या, हुंड्या, करारपत्रे, जाहिराती आणि नावपट्ट्या यांचा स्वतंत्र संग्रह व्हावा, आणि त्यासाठी लागणारी कपाटे व्यापारी मंडळींनी द्यावीत. मोडी वाचणारी माणसे आता विरळ झाली आहेत. ती आहेत तोवरच हे काम हाती घेतले पाहिजे.

तिसरी मागणी माणसांच्या तोंडून ऐकण्याची. जे ऐकायचे ते मालकाकडूनच नव्हे. हमालाकडून, विणकराकडून, विडी वळणाऱ्या आजीकडून, खानावळीतल्या आचाऱ्याकडून ऐकावे. जो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ते उतरवून घ्यावे: मराठीत, कन्नडमध्ये, कोंकणीत, उर्दूत. भाषांतराची घाई नको. आज प्रत्येकाच्या खिशात आवाज मुद्रित करणारे यंत्र आहे. त्यावर भजने आणि विनोद फिरतात तसे हेही सामावेल.

चौथी मागणी पाटीची. होय, पाटीचीच! प्रत्येक जुन्या पेठेच्या तोंडाशी, गल्लीच्या नावाचा अर्थ आणि तेथील जुन्या उद्योगाची दोन ओळींची हकीकत सांगणारी एक साधी पाटी असावी. ती कन्नडमध्ये असावी, मराठीत असावी, आणि जेथे कोंकणी व्यापाऱ्यांचा संबंध असेल तेथे कोंकणीतही असावी. ज्या नगरात पाटीवरून इतकी वर्षे भांडणे झाली, तेथे दोन्ही बाजूंची मुले एकत्र उभी राहून वाचतील अशी एक तरी पाटी व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

याला पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न कोणी विचारील, म्हणून त्याचेही उत्तर देऊन ठेवतो. उत्सवातील रोषणाई एक रात्र कमी करावी. देवाला अंधार वाटणार नाही.

काहींना वाटेल की या साऱ्याने एकही मोडलेले दुकान पुन्हा उभे राहणार नाही. ते खरे आहे. गेलेली पेढी परत येत नाही. परंतु ज्या समाजाला आपण काय गमावले हे नेमके ठाऊक असते, तो पुढच्या वेळी सहजासहजी गमावत नाही. १९१० साली काय गेले याचा हिशेब कोणी मांडून ठेवला असता, तर त्यानंतर प्रत्येक वेळी कारागीर आणि उद्यमी माणूस गाव सोडू लागला असता त्याला थांबवण्यास दोन माणसे तरी पुढे झाली असती. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बेळगावी बासमती पिकते, आणि रस्त्यांपायी व घरांच्या भूखंडांपायी ते शिवार आज आक्रसत चालले आहे. आणखी वीस वर्षांनी त्या तांदळाच्या सुवासासाठीही ओवरीत बसून उसासे टाकायचे, की आजच काही हालचाल करायची, याचा निर्णय आज जे जिवंत आणि धडधाकट आहेत त्यांनी घ्यायचा आहे.

दिवाळी दूर नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघरी, दुकानोदुकानी कोरी वही पाटावर ठेवून तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाईल. या वर्षी त्या कोऱ्या वहीशेजारी घरातली सर्वांत जुनी चोपडीही ठेवावी. तिच्यावर हळदकुंकू वाहावे, मुलांना तिच्यातील चार नावे वाचून दाखवावीत, आणि पाडव्याच्या सकाळी ती रद्दीवाल्याकडे न देता वाचनालयाच्या दारात नेऊन पोहोचवावी. पावती मागून घ्यावी. ज्या घरातून अशी एक पावती येईल, त्या घराच्या नगरप्रेमावर आम्ही निःशंकपणे विश्वास ठेवू. बाकीच्यांचे उसासे त्यांनी आपल्यापाशीच ठेवावेत.